कायद्याचं बोलू : राष्ट्राध्यक्षांची सही आणि मतदाराचं नाव

प्रश्न : ताई, माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, तिकडच्या पासपोर्टवर सासरचं. मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद दाखवावा लागेल, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाल्याचं ती सांगते. एका माणसाच्या सहीने हे होऊ शकतं? तिचं मत जाईल का?
— एक आई, वसंत विहार, ठाणे

उत्तर : आधी मुलीचं सांगते. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे ना? मग तो एकटाच नागरिकत्वाचा पुरावा आहे. इथला जन्मदाखला त्यासाठी कुणी मागणार नाही. तरी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि लग्नाचा दाखला तिने एका फाइलमध्ये ठेवावा.

आता तुमचा मोठा प्रश्न. तो आदेश राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा, २५ मार्च २०२५चा. मतदार नोंदणीच्या केंद्रीय अर्जासोबत नागरिकत्वाचा कागद जोडणं सक्तीचं करावं, मतदानाच्या दिवसानंतर पोहोचलेल्या टपाली मतपत्रिका मोजू नयेत, अशी त्यातली मुख्य कलमं. पण अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात संसदेच्या निवडणुका कधी, कुठे, कशा घ्यायच्या हे ठरवण्याचं काम राज्यांच्या विधिमंडळांना दिलंय, आणि त्यात बदल करण्याचा अधिकार संसदेला. राष्ट्राध्यक्षांचं नाव त्या कलमात नाही. आपल्या राष्ट्रपतींना अनुच्छेद १२३ खाली वटहुकूम काढता येतो, तोही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो संसदेने मंजूर केला नाही तर संपतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना तेवढीही सोय नाही. त्यांचा आदेश सरकारी खात्यांना बांधतो, नवा कायदा जन्माला घालत नाही.

म्हणून मतदारांच्या संघटना, डेमोक्रॅटिक पक्ष आणि काही राज्यं कोर्टात गेली. वॉशिंग्टनच्या न्यायाधीश कॉलीन कोलार-कोटेली यांनी २४ एप्रिलला कागदाच्या सक्तीला तात्पुरती मनाई दिली, ३१ ऑक्टोबरला ती कायम केली. बोस्टनमध्ये न्यायाधीश डेनिस कॅस्पर यांनी १३ जूनला राज्यांच्या दाव्यात मनाई दिली. अशा निकालांवर अपिलं होतात, हे मुलीला माहीत असू द्या. शिवाय त्याच आशयाचं विधेयक अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने १० एप्रिल २०२५ला मंजूर केलं होतं. नियम बदलायचाच तर रस्ता हा. तिथे चर्चा होते, मतं नोंदली जातात, कुणी काय केलं ते मतदाराला दिसतं.

नागरिकानेच मत द्यावं, यात वाद नाही. परक्या नागरिकाने केंद्रीय निवडणुकीत मत देणं तिकडे आजही गुन्हा आहे, आणि अर्जावर आपण नागरिक असल्याची शपथपूर्वक सही करावी लागते. प्रश्न आहे तो कागद मागितल्यावर गाळला कोण जातो, याचा. कॅन्सस राज्याने हा प्रयोग केला. २०१३पासून कागद सक्तीचा झाला आणि सुमारे ३१,००० लोकांची नोंदणी अडकली किंवा रद्द झाली. कोर्टात पुरावा आला तेव्हा एकोणीस वर्षांत यादीत शिरलेले परके नागरिक चाळीसच्या आत निघाले. २०१८मध्ये न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी तो कायदा रद्द ठरवला, २०२०मध्ये अपिलातही तेच झालं.

मी कोर्ट नाक्यावर वकिली केली. आयुष्यातली कितीतरी दुपारं बायकांच्या नावांवर गेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर सासरी ठेवलेलं दुसरं, बँकेत तिसरंच काहीतरी. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, नोटरी, गॅझेट. कळव्याहून, दिव्याहून कामाचा खाडा करून आलेली बाई तो कागद हातात घेऊन परत विचारायची, आता तरी मी मीच ना? म्हणून कुणी ‘फक्त एक कागद तर मागतोय’ म्हणालं, की मला त्या बाया आठवतात. तिकडेही लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या पुष्कळ. पासपोर्ट कधी काढलाच नाही आणि जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, अशा बाईला हा नियम सगळ्यात जड जाईल. तुमच्या मुलीपेक्षा मला तिची काळजी जास्त वाटते.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. कोट्यवधी लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश एक जिल्हा न्यायाधीश कसा काय थांबवू शकतो? त्याला तर कुणीच निवडलेलं नाही. हे लोकशाहीत बसतं का?
— वाचक, नेरूळ

उत्तर : ‘जिल्हा न्यायाधीश’ म्हटल्यावर ठाण्याचं जिल्हा न्यायालय डोळ्यांपुढे आणू नकोस. आपल्याकडे केंद्राच्या आदेशाला घटनेच्या आधारे आव्हान द्यायचं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय, किंवा मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल तर अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं. तिकडचे केंद्रीय जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, संसदेचं वरिष्ठ सभागृह सिनेट मान्यता देतं, आणि ते तहहयात असतात. घटनेचा अर्थ लावण्याचं काम तिथे पहिल्या पायरीपासून सुरू होतं.

तुझी शंका मात्र खरी आहे. एका कोर्टाने साऱ्या देशासाठी मनाई द्यावी का, यावर दोन्ही पक्षांची सरकारं कुरकुरत आली. २७ जून २०२५ला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की मनाई दाद मागणाऱ्यांना पुरेसा दिलासा देण्यापुरतीच असावी. सामूहिक दाव्याचा मार्ग खुला राहिला. मला हा निकाल अर्धाच पटतो. ज्याच्याकडे वकील नाही त्याला संरक्षणही नाही, असा त्याचा परिणाम होऊ शकतो.

‘निवडून आलाय, मग अडवता कशाला’ या युक्तिवादाला तिकडच्या कोर्टाने १९५२मध्ये उत्तर दिलं. कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप येऊ घातला होता. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. संसदेने तसा अधिकार दिलेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द केला. ट्रूमन यांनी गिरण्या परत केल्या.

आणि आपलं १९७५ आठव. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. सरकारने निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला, शिवाय एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतलं ते कलम उडवलं, पण बदललेला कायदा मानून निवडणूक वैध ठरवली. हा निकाल मुळातून वाच. ज्याची निवडणूक, त्याच्याच हाती तिचे नियम गेले की काय होतं, हे त्यात उघडं दिसतं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे, मग सत्तेत कुणीही असो.

न्यायालयंही सत्तेला वाव देऊन बसतात. १ जुलै २०२४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदाच्या गाभ्याच्या अधिकारांतल्या कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून पूर्ण, आणि इतर अधिकृत कृत्यांसाठी किमान गृहीत संरक्षण दिलं. मला तो निकाल चुकीचा वाटतो. पण न्यायालय सत्तेला जाबही विचारू शकतं, हे बिहारमध्ये २०२५ला दिसलं. मतदार यादीच्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली. नाव का गेलं हे कळलं, तरच माणूस दाद मागू शकतो.

प्रश्न : थोरला मुलगा ओसीआय कार्डधारक, धाकट्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. दोघांपैकी कुणी ठाण्यात मत देऊ शकतो का?
— ज्येष्ठ नागरिक, ऐरोली

उत्तर : काका, थोरल्याला नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं तेव्हाच भारतीय नागरिकत्व गेलं, आणि ओसीआय कार्डात मताधिकार नाही. धाकट्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने परदेशात राहणाऱ्या भारतीय मतदारांसाठीचा अर्ज, नमुना ६-अ, भरावा. पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव लागेल. पत्ता ऐरोलीचा असेल तर मत ऐरोलीत. मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागेल.

त्याला आणखी एक निक्षून सांगा. १९९३च्या कायद्यामुळे तिकडे ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयातच मतदार नोंदणीही होते. काउंटरवर घाईत त्या रकान्यावर खूण आणि ‘मी नागरिक आहे’ खाली सही झाली, तर ग्रीन कार्ड जाऊन देश सोडायची वेळ येऊ शकते. चुकून झाली असेल तर मत द्यायला जाऊ नये, आणि आधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला गाठावं.