फादर हेरास आणि त्यांचे इतिहासलेखन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : स्पेनमधले एक जेझुइट (‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाचे) धर्मगुरू मुंबईत येऊन भारतीय इतिहासाकडे कसे वळले?

उत्तर : याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. मुंबईचे जेझुइट मिशन आणि १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेवियर्स महाविद्यालय जर्मन धर्मगुरूंच्या हाती होते. ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून दूर केले आणि युद्धानंतर ती जबाबदारी स्पेनच्या अरागॉन प्रांतातील जेझुइटांकडे आली. १८८८ साली बार्सिलोनात जन्मलेले हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते याच ओघात. भारताचा इतिहास त्यांना नवा होता. तरीही तोच शिकवायचा असे त्यांनी ठरवले आणि १९२६ साली महाविद्यालयातच संशोधन संस्था उभी केली. आज ती हेरास इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

प्रश्न : धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने लिहिलेल्या इतिहासावर कितपत विसंबावे?

उत्तर : शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर लेखकाच्या झग्यात न शोधता त्याच्या साधनांत शोधावे. विजयनगरच्या अरविडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर, विजयनगरचा इतिहास संपला अशी सर्वसाधारण समजूत होती. हेरासांनी चंद्रगिरी-वेल्लोर या विजयनगरच्या नंतरच्या राजधान्यांत दरबारी वावरलेल्या जेझुइटांची पत्रे शिलालेखांशी आणि ताम्रपटांशी ताडून पाहिली आणि त्या उत्तरकाळाला सलग कथानक मिळवून दिले. पत्रे लिहिणारे आपल्याच संघाचे असल्याने त्यांच्याकडे झुकण्याचा मोह त्यांना झालाच नसेल असे मी म्हणणार नाही. पण १९२९ च्या पुस्तकात, विद्यारण्यस्वामींनी विजयनगर वसवले ही कथा मागाहून रचली गेली, असे त्यांनी मांडले तेव्हा आधार समकालीन लेखांचाच घेतला होता. त्या मतावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मात्र तो पुराव्यांच्या आधारे घालता येतो, हे श्रेय हेरासांचे आहे.

प्रश्न : त्यांनी सिंधू लिपी वाचली होती, हे खरे का?

उत्तर : वाचली असा त्यांचा दावा होता, ती लिपी आजही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. मुद्रांची भाषा द्राविडी आहे असे गृहीत धरून त्यांनी त्यांतून सबंध वाक्ये काढली आणि १९५३ साली हे सारे मोठ्या ग्रंथात मांडले. ती वाचने अभ्यासकांनी स्वीकारली नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण ताडून पाहण्यास दुसरे साधनच नव्हते. परंतु त्यांतली एक कल्पना टिकली. तमिळमध्ये ‘मीन’ म्हणजे मासा आणि ताराही. म्हणून माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी वापरले असावे, हा तर्क आस्को पार्पोला यांच्यासारख्या नंतरच्या संशोधकांनी पुढे नेला.

प्रश्न : गोव्याशी त्यांचा काही संबंध होता का?

उत्तर : होता. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराएस यांनी कदंब घराण्याचा इतिहास लिहिला, त्यात गोव्याचे कदंबही येतात. ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवणारे गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनाही हेरासांनी पाठबळ दिले, आणि तेही मेरीला साडीत पाहणे अनेकांना रुचत नव्हते अशा काळात. १९५५ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.