केविन सॅम्युअल्स कोण होता? त्याचे व्हिडिओ बघून माझा भाऊ बिघडतोय का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ देवगडला घरची आंब्याची कलमं सांभाळतो, वय तिशीचं, ओळीने स्थळांचे नकार आलेत, आणि तेव्हापासून तो रात्री जागून सॅम्युअल्सच्या क्लिपा बघतो. घरात तुमच्याशीही 'मुलींची व्हॅल्यू' या भाषेत बोलतो. मी कुडाळकडे आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम बघते. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते अशाच मुलांच्या तोंडून, आणि मग त्याचे अख्खे कार्यक्रम बसून ऐकले.

सॅम्युअल्स मूळचा अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचा, पुढे अटलांटात राहिलेला कृष्णवर्णीय माणूस. व्यवसायाने इमेज कन्सल्टंट. पुरुषांनी कपडे कोणते घालावेत, परफ्युम कोणता मारावा, चारचौघांत छाप कशी पाडावी, असं सांगणारा. यूट्यूबवरही सुरुवात सूट आणि परफ्युमपासूनच झाली. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या लाइव्ह कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. स्वतःचा धंदा, चांगली कमाई, पदरी मुलगा. तिला तोलामोलाचा, बक्कळ कमावणारा नवरा हवा होता. याने तिला थंडपणे सांगितलं की तू फार तर सर्वसाधारण आहेस. ती क्लिप तुफान फिरली आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे सबस्क्रायबर दहा लाखांच्या वर गेले.

त्यानंतर कार्यक्रमाचा साचा ठरून गेला. फोन करणाऱ्या बाईला वय, उंची, वजन, ड्रेसचा साइज, मुलं किती, हे विचारायचं. मग तिची अपेक्षा विचारायची. आणि मग या दोन्हींचा मेळ बसत नाही हे हजारो लोकांसमोर तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं. 'हाय व्हॅल्यू मॅन', म्हणजे लग्नाच्या बाजारात मोठी किंमत असलेला पुरुष, हा शब्द घरोघरी नेण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पस्तिशीपर्यंत लग्न न झालेल्या बायकांना त्याने 'उरलेल्या' म्हटलं, त्यावरून अमेरिकेत केवढं तरी रान उठलं. त्याचे व्हिडिओ काढून टाका म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीमही झाली. ५ मे २०२२ रोजी अटलांटात तो गेला. मृत्यूचं कारण उच्च रक्तदाब असं तपासणीत निघालं. त्याची स्वतःची दोन लग्नं मोडली होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. घटस्फोटित माणूस शहाणपणाचं बोलू शकतो. पण तुमचा भाऊ ज्याला लग्नाचा जाणकार समजतो, त्याच्याबद्दल एवढं त्याला माहीत असावं.

त्याला अँड्र्यू टेटच्या माळेत ओवू नका. तोही पुरुषांना बायकांबद्दल धडे देणारा, इंटरनेटवर गाजलेला माणूस, पण टेट वेगळा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी त्याची खाती बंद केली आणि त्याच डिसेंबरात रोमानियात मानवी तस्करीच्या आरोपांखाली त्याला अटक झाली. आरोप तो नाकारतो. सॅम्युअल्सवर असलं काही नव्हतं. तो शांतपणे, नीटनेटक्या इंग्रजीत बोलायचा, पुरुषांनाही वजन आणि कमाईवरून खडसवायचा. म्हणूनच तो मुलांना खरा वाटतो. दीड-दोन तासांच्या कार्यक्रमात तो पुरुषांना जे ऐकवायचा ते कोणी कापून पसरवत नाही. बाई रडकुंडीला आलेला मिनिटभर तेवढा आपल्या मुलांच्या फोनवर येतो, खाली हिंदी अक्षरं लावून. माणूस जाऊन वर्षं झाली तरी हे थांबलेलं नाही.

आणि आपल्याकडे तो पटतो त्याचं एक कारण आपण मोठ्यांनी कबूल करायला हवं. वय, उंची, रंग, पगार, फ्लॅट कुठे, हे सगळं आपल्या बायोडेटात आधीपासून आहेच. एक मुलगा मला म्हणाला, "काकी, तो सांगता तां खोटां काय? तुमच्या फॉर्मवर पण हेंच विचारतास." त्याला गप्प करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पण 'मुलींनी मार्केटमध्ये भाव वाढवून ठेवलाय' हे त्याचं पुढचं वाक्य मात्र साफ चुकीचं होतं. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ बायका होत्या. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले त्याचा हा हिशेब. तेव्हा मुलींचा तुटवडा पडला म्हणून त्या डोक्यावर बसल्या, हे आपल्या किनाऱ्याला लागूच होत नाही. मुली नकार देतात तो बहुतेकदा मुलाला नसतो. आईला ज्या घरात राबताना पाहिलं त्या आयुष्याला तो नकार असतो. चार महिने पाऊस, घरात माणसांचा राबता, बागेत फवारणीच्या गड्यांचं जेवण, आणि हातात स्वतःचा एक रुपया नाही.

आमच्या मंडळातली एक गोष्ट सांगते. मुलगी नर्स, मुलगा बागायतदार, दोघंही समजूतदार. तिने विचारलं, "मोहोर गळला त्या वर्षी घर कशावर चालतं?" किती चांगला प्रश्न! अवकाळी पाऊस, तुडतुडे, निम्मा माल कॅनिंगला (आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) कवडीमोलाने, हे सगळं तिला ठाऊक होतं. त्या मुलाकडे उत्तरही होतं, कारण घरची काजू आहे आणि तो इतरांच्या बागांची फवारणी घेतो. पण तो म्हणाला, "तुझं वय एकोणतीस आहे, आता तू ॲडजस्ट करायला पाहिजेस." मुलगी उठून चहाचे कप आत घेऊन गेली, ती परत बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला की मी फक्त खरं बोललो. हे बोलणं त्याचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. हा मुलगा आजीला उचलून दवाखान्यात नेणारा आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, परिणाम होतो, आणि तो मुलींपेक्षा आधी त्याच्यावरच होतो. समोरची व्यक्ती काय विचारतेय ते ऐकू येईनासं होतं. पण त्याचा फोन काढून घेऊ नका, 'असलं बघू नकोस' असंही म्हणू नका. नकारांचं दुःख खरं आहे. गावात राहून जमीन राखणाऱ्या मुलाला नातेवाईकसुद्धा 'काही करत नाही' म्हणून हिणवतात. त्याच्या वाट्याला एवढं आलेलं असताना सॅम्युअल्सवरून त्याच्याशी वाद घालणं मला बरं दिसत नाही.

त्याच्याबरोबर बसून एखादा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, तुकडा नको. मग आलेल्या नकारांबद्दल विचारा, मुली नेमकं काय म्हणाल्या. बायको नोकरीला गेली तर बागेच्या गड्यांचं जेवण कोण बघणार? तिच्या नावावर काय असेल? वाईट हंगामात महिना कसा निघतो? ही उत्तरं त्याने आई-वडिलांसमोर बसून ठरवू द्या. आम्ही आता मुलांच्या फॉर्मवर हे तिन्ही प्रश्न छापले आहेत. ते भरताना मुलगे पहिल्यांदा अडतात, मग आईला फोन लावतात.