थंडीआधी कुंड्या आत घेताना: कढीपत्ता, तुळस आणि लीझिंग ऑफिस

तुमची पोस्ट वाचली आणि तोंडातून शिवी आली. तुम्हाला नव्हे, त्या ऑफिसला. न्यू जर्सीतला पहिलाच फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, बाल्कनीत कढीपत्ता, तुळस, मोगरा, घरात मनी प्लांट, गावच्या कम्युनिटी गार्डनमध्ये एक वाफा, त्यात पाठ धरलेली. कढीपत्त्याची पानं पिवळी पडताहेत, आणि ग्रो लाइट, म्हणजे घरातल्या झाडांसाठीचा खास दिवा, कुठला घ्यावा हाही प्रश्न. आणि वरून अपार्टमेंटचं लीझिंग ऑफिस, म्हणजे भाड्याचा कारभार बघणारं ऑफिस, म्हणतंय, "बाल्कनी रिकामी करावी लागेल, तारीख नंतर कळवू." हे सगळं मी भोगलेलं आहे, अगदी ह्याच क्रमाने. त्यामुळे उत्तर लांबणार.

पाणी किती, कुंडीला भोक हवं, ऊन कुठून येतं हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडते.

इथे जो तो सांगतो, "पहिल्या फ्रॉस्टच्या आत कुंड्या घरात घ्या." फ्रॉस्ट म्हणजे रात्री गोठणारं दव. मला हा सल्ला मुळातच पटत नाही. मध्य जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत कधीतरी पडतो. आपली झाडं त्याच्या कितीतरी आधी कुरकुरायला लागतात. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १० सेल्सियसच्या खाली जायला लागलं की तुळस काळवंडते आणि कढीपत्ता पानं टाकायला सुरुवात करतो. तुमची पिवळी पानं बहुधा त्यातलीच. (फोटोत पानांच्या मागची बाजू दिसत नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. कीडही असू शकेल.) तेव्हा फ्रॉस्टची वाट पाहू नका, फोनवर रात्रीचं तापमान बघा आणि त्यावर ठरवा.

दुसरं म्हणजे झाडाला थंडीइतकाच अचानक बदलाचा त्रास होतो. बाहेरचं ऊन, वारा, ओलावा सोडून ते एका रात्रीत हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आलं तर पानं गाळणारच. म्हणून आधी भिंतीलगत सावलीत, मग रात्री आत आणि दिवसा बाहेर, मग कायमचं आत, असं हळूहळू करावं लागतं. त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि नेमका तोच वेळ ऑफिसवाले देत नाहीत.

आता माझी कथा. कॉम्प्लेक्सचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सप्टेंबरात शेजारणीकडून कळलं की बाल्कनीचे कठडे रंगवणार आहेत. मी ऑफिसात फोन केला. "धिस यिअर नथिंग इज शेड्यूल्ड." बरं. ईमेल टाकली, उत्तर नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर एका गुरुवारी संध्याकाळी दाराला कागद चिकटवलेला: सोमवारी सकाळपर्यंत बाल्कनी पूर्ण रिकामी करा, राहिलेल्या वस्तू फेकून दिल्या जातील. काउंटरवर गेले तर तिथली मुलगी म्हणाली, मेंटेनन्सला विचारा. मेंटेनन्सवाला म्हणाला, ते कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या फोनवर व्हॉइसमेल. दोन दिवस कुंड्या कॉरिडॉरमध्ये ठेवू का विचारलं तर फायर कोड! तेवढा एक नियम मात्र त्यांना तोंडपाठ होता.

मग काय, न धुता, न तपासता सगळ्या कुंड्या एकाच बेडरूममध्ये. खिडकीखाली भिंतीच्या तळाशी बसवलेला बेसबोर्ड हीटर, तो मध्यवर्ती, आपल्या हातात बटण नाही. न्यू जर्सीत घरमालकाला १ ऑक्टोबर ते १ मे ह्या काळात घर सकाळी सहा ते रात्री अकरा किमान ६८ फॅरनहाइट आणि रात्री ६५ ठेवावं लागतं. कायदा माणसांसाठी चांगलाच आहे, पण त्यामुळे हवा नेमकी ह्याच दिवसांत सुकते. थोड्याच दिवसांत जमिनीवर पाय ठेवला की तळवा चिकटायला लागला. आधी वाटलं सरबत सांडलंय. वर बघितलं तर कढीपत्त्याच्या पानांच्या मधल्या शिरेला लागून तपकिरी, चपटे, नखाने खरवडले तरच निघतील असे ठिपके ओळीने बसलेले. खवले कीड. चिकट होतं ते तिचं सोडलेलं पाणी. बाहेर असताना ती आटोक्यात होती, आत कोरड्या उबेत तिचं फावलं. ती मोगऱ्यावर गेली, लिंबाच्या रोपावर गेली. कढीपत्ता जुना होता, माझ्या कमरेपर्यंत आलेला, एका मैत्रिणीने भारतात परत जाताना दिलेला. फेब्रुवारीत त्याच्या खोडाची साल खरवडली तर मुळापर्यंत तपकिरी.

आणि रंगारी? रंगारी आले नोव्हेंबरच्या शेवटाकडे, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर. म्हणजे महिनाभर बाल्कनी मोकळी पडून होती. तक्रार लिहिली त्याला उत्तर आलं की रहिवाशांची सोय हीच त्यांची प्राथमिकता आहे. त्या वाक्यावर मी अजून चिडू शकते, पण असो.

त्यामुळे तुम्हाला माझं पहिलं सांगणं बागकामाचं नाहीच. आजच ऑफिसला लेखी विचारा: काम नक्की कधी, किती दिवस, आधी किती दिवसांची नोटीस, सामान तात्पुरतं ठेवायला जागा कुठे. फोनवर बोललात तर त्यानंतर लगेच "आपलं असं बोलणं झालं" अशी दोन ओळींची ईमेल टाका. लीझमध्ये, म्हणजे भाडेकरारात, बाल्कनीतल्या वस्तूंबद्दल काय लिहिलंय ते वाचा, कारण काही ठिकाणी कुंड्यांनाच मनाई असते आणि मग भांडायला जागा उरत नाही. मी वकील नाही, प्रत्येक कॉम्प्लेक्सचं लीझ वेगळं. पण त्यांच्या तारखेची वाट न पाहता कुंड्या आत घ्यायला ह्याच आठवड्यात सुरुवात करा. त्यांचा कागद उद्या येवो नाहीतर डिसेंबरात.

आता आठवड्यात काय काय करायचं ते. मी वारांना फार चिकटून राहत नाही, पण शनिवार-रविवार आंघोळीचा. झाडांच्या. प्रत्येक कुंडी बाल्कनीतच, किंवा बाथटबमध्ये, कोमट पाण्याच्या फवाऱ्याखाली धरायची, पानं उलटी करून खालची बाजू जास्त धुवायची. मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधली तर टब तुंबत नाही. मग इन्सेक्टिसायडल सोप, म्हणजे झाडांवरच्या किडीसाठी मिळणारा खास साबण, फवारायचा. भांड्याचा साबण पाण्यात कालवून मारा असं अनेक जण सांगतात, मी सांगणार नाही, काही डिटर्जंटने पानं जळतात. खालून वरून पान ओलं झालं पाहिजे, कारण हे औषध किडीला लागलं तरच ती मरते, नुसतं झाडावर असून उपयोग नाही. दर आठवड्याला एकदा, असं निदान तीन आठवडे. खवले कीड दिसलीच तर ती आधी जुन्या टूथब्रशने काढा. कढीपत्ता आमटीत जातो, तेव्हा बाटलीवर खाण्याच्या झाडांना चालतं असं लिहिलंय ना ते वाचा आणि पानं धुऊनच वापरा.

कुंडी आत आणताना तिचा तळ आणि कडा बघा. इथे स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाचा किडा आहे, पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये सापडला आणि २०१८ पासून आपल्या राज्यातही. ह्याच दिवसांत तो झाडं, खुर्च्या, कुंड्या, जिथे मिळेल तिथे अंडी घालतो. वाळलेल्या चिखलाचा लपका लागल्यासारखी दिसतात. जुन्या कार्डाने खरवडून हँड सॅनिटायझर घातलेल्या पिशवीत टाका.

मधल्या एखाद्या दिवशी फक्त बोट मातीत घालून बघायचं. आत आलेल्या झाडाला उन्हाळ्याच्या निम्मंही पाणी लागत नाही. खत बंद, थेट मार्चपर्यंत. कुंडी बदलणंही आता नको, वसंतात करा. माती सतत ओली राहिली की बारीक काळी चिलटं होतात. वरची माती वाळू द्या, पिवळे चिकट कागद खोचा, आणि फारच झाली तर मॉस्किटो बिट्स (अळ्या मारणारे दाणे) पाण्यात भिजवून ते पाणी घाला. दालचिनीची पूड वगैरे मी करून पाहिली, दालचिनी महाग आहे एवढंच कळलं.

कढीपत्त्याबद्दल एक, कारण इथेच सगळे घाबरतात. हिवाळ्यात तो सगळी पानं टाकू शकतो. म्हणून मेला समजू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. अशा वेळी पाणी फारच थोडं, आणि उजेडाजवळ पण हीटरपासून लांब. पानं नाहीत म्हणून लोक काळजीने जास्त पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. मे महिन्याआधी कुठलाही कढीपत्ता फेकू नका, मुळाकडून फुटवे येतात.

आणि कृपा करून भारतातून रोप किंवा ताजी पानं बॅगेत आणू नका. विमानतळावर काढून घेतात, आणि ते बरोबरच आहे. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा कढीपत्त्यावर वाढतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला, त्यानंतर तिथल्या संत्र्यांची काय वाताहत झाली ते वाचा. रोगाच्या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांना रोपं पाठवायला बंधनं आहेत ती त्याचसाठी. इथल्याच कोणाकडून फुटवा मागा. बी मिळालं तर ताजं, काळं पिकलेलं फळ सोलून लगेच लावा, वाळलेलं बी बहुतेक रुजत नाही.

तुळस माझ्या मते वाचवण्याच्या मागे लागू नये. रागवाल, पण ऐका. इथल्या खिडकीत हिवाळाभर ती काड्या होऊन उभी राहते आणि त्यावर लाल कोळी पडतो, पानाखाली बारीक जाळं दिसलं की समजा. तुळशीचं लग्न कार्तिकात, बहुतेक नोव्हेंबरात येतं, तोवर ती टिकवायची, ग्रो लाइटखाली. लग्न झालं की वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी कागदाच्या पुडीत ठेवायचं आणि एप्रिलमध्ये घरात पेरायचं. आमच्याकडे काही वर्षं असंच चाललंय. सासूबाईंना आधी रुचलं नव्हतं, आता त्याच पुडीवर वर्ष लिहितात. (ऊस इंडियन स्टोअरमध्ये लग्नाच्या आठवड्यात संपतो, आधीच आणून ठेवा.)

मनी प्लांटला काही होत नाही. घरात मांजर असेल तर मात्र उंच टांगा, ते तिला विषारी आहे.

वाफ्याबद्दल: टोमॅटो, मिरच्या काढून टाका आणि लसूण लावा. ऑक्टोबर हाच त्याचा महिना. पाकळ्या टोक वर करून दोन इंच खोल, वरून वाळक्या पानांचा जाड थर, बस. जुलैत काढायचा. दुकानातला साधा लसूण लावू नका, बियाण्याचा आणा. पालापाचोळा गोळा करताना मोज्यात पँट खोचा. काळ्या पायांची गोचीड ह्याच थंड दिवसांत जोरात असते आणि तिच्या चाव्यातून होणारा लाइम हा आजार इथे चांगलाच आहे. घरी आलं की ते कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये जास्त आचेवर दहा मिनिटं फिरवा, आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश काही नको. नंतर पुरळ आला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे, इथे विचारत बसू नका.

पाठीचं मी डॉक्टर म्हणून नाही सांगत, धरलेली पाठ आठवडाभर सुटली नाही तर दाखवाच. पण कुंडी हलवायच्या आदल्या दिवशी पाणी घालू नका, कोरडी कुंडी कितीतरी हलकी असते. मोठी कुंडी उचलायचीच नाही, जुन्या चादरीवर तिरकी करून चढवायची आणि ओढायची. प्लँट कॅडी, म्हणजे कुंडीखाली ठेवायची चाकांची बैठक, मिळते, ती माझी ह्या देशातली सर्वोत्तम खरेदी. पडलेली पानं दाताळ्याने ओढताना अर्ध्या तासाने हात बदला, नाहीतर एकाच बाजूची कंबर बोलते. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आधीच अंधार होतो, तेव्हा फिरणं सकाळी नाहीतर जेवणाच्या सुट्टीत उरका. संध्याकाळी जाईन म्हणणारे कोणी जात नाहीत. पहिल्या हिवाळ्यात उदास वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा, व्हिटॅमिन डी स्वतःच्या मनाने ठासून घेऊ नका.

ग्रो लाइट कुठला हे विचारलंय, पण खिडक्यांची तोंडं कुठल्या दिशेला ते लिहिलंच नाहीत. दक्षिणेची खिडकी असेल तर मोगऱ्याला वेगळा दिवा लागणारही नाही. दिशा, आणि हीटर खिडकीखालीच आहे का, एवढं कळवा. आणि कढीपत्त्याच्या पानांच्या मागचा फोटो टाका.