नामिबियाची टूर: जानेवारीतली सूट घेऊ नका

सर, तुमचं पत्र थोडक्यात असं: नोव्हेंबरात 9 लाखांची एफडी सुटतेय. नामिबियाच्या ग्रुप टूरला (सोसूसव्लेईचं वाळवंट आणि एतोशा नॅशनल पार्क) दोघांचे जानेवारीत 6,20,000 रुपये पडतात, ऑगस्टमध्ये 7,40,000. तुमचा डोळा जानेवारीच्या सवलतीवर, वहिनी म्हणतात सगळे पैसे सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांची सरकारी बचत योजना) टाका, मुलगा म्हणतो पर्सनल लोन काढा.

मुलाचं बाजूला ठेवू. फिरण्यासाठी कर्ज, तेही पेन्शनवर, अजिबात नको.

वहिनींचा हिशेब चोख आहे. 8.2 टक्क्यांनी 9 लाखांवर तिमाहीला 18,450 रुपये येतील. पण पेन्शन 46 हजार, घरखर्च 30 हजार, स्कीममध्ये आधीचे 15 लाख आहेतच. तुमच्या घराला या व्याजाची निकड नाही. निकड आहे ती दवाखान्यासाठी हाताशी पैसे असण्याची. साठीनंतर दोघांत मिळून 5 लाखांचा मेडिक्लेम तोकडा पडतो, म्हणून 3 लाखांना हात लावायचा नाही. उरलेल्या 6 लाखांत खुशाल जा.

पण जानेवारीत नको. तिकडे तो पावसाळा. एतोशात जून ते ऑक्टोबर कोरडे दिवस. पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच उरतं आणि हत्ती, गेंडे, सिंह तिथेच येतात. एतोशातल्याच ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर तर रात्री दिव्यांच्या उजेडात बसून बघता येतं. पाऊस झाला की जागोजागी पाणी साचतं, गवत वाढतं, जनावरं पांगतात. पक्षी बघायचे असते तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात हत्ती-सिंहच आहेत. शिवाय जानेवारीच्या उन्हात वाळूचे डोंगर चढायचे म्हणजे जिवाला त्रास. 1,20,000 वाचतील खरे, पण ज्यासाठी जाताय तेच कमी दिसेल.

ऑगस्टचं गणित बसतं. व्हिसा, टिप, विमा, डॉलरचा चढ-उतार यांना 60 हजार धरा, म्हणजे 8 लाख. 6 लाख एफडीचे, पेन्शनमधून महिना उरणाऱ्या 16 हजारांचे जुलैपर्यंत नऊ महिन्यांत 1,44,000 आणि स्कीममधल्या 15 लाखांचं तीन तिमाहींचं व्याज 92,250. वर 36 हजार उरतात, ते टीसीएससाठी (परदेशी टूरच्या पैशांवर टूर कंपनी आगाऊ घेते तो कर) ठेवा. त्याचा दर बजेटमध्ये बदलत आलाय, तेव्हा कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. तुम्हाला कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो. फक्त बुकिंगला तुमचा पॅन बरोबर द्या.

ते 6 लाख मधल्या काळापुरते स्कीममध्ये टाकू नका. वर्षाच्या आत खातं बंद केलं तर दिलेलं व्याजही कापून घेतात. जुलैत सुटेल अशी साधी एफडी करा. आणि प्रवास विम्याच्या फॉर्मवर बीपीची गोळी लपवू नका. क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.