बेरीज मागू नकोस, नोंद माग

सप्रेम आशीर्वाद.

तुझी हजेरीची फाइल उघडून पाहिली. डावीकडे नावांची रांग, वर आडव्या तारखा, चौकटींत 'ह' आणि 'ग', काही चौकटी हिरव्या, काही पिवळ्या, आणि एकीत नुसतं प्रश्नचिन्ह. मला हसू आलं, कारण हुबेहूब अशीच फाइल मी केली होती आणि तिला कुणाला हात लावू देत नव्हतो. तू लिहितेस, समितीने मागच्या वर्षीचे स्वयंसेवकांचे एकूण तास मागितले आणि तीनदा मोजून तीन उत्तरं आली. आता ॲप घ्यावं, स्प्रेडशीट सुधारावी की डेटाबेस शिकावा?

साधनाचं नंतर बघू. आधी सांग, पिवळ्या चौकटीचा अर्थ काय? 'उशिरा आला' की 'कळवून गैरहजर'? तुला आज आठवतंय. उद्या तुझ्या जागी जो येईल, त्याला तो रंग काय सांगणार?

एक माणूस, एक सत्र, एक ओळ. बेरीज साठवायची नाही, नोंद साठवायची. नोंदींतून हवी तेव्हा बेरीज निघते, बेरजेतून नोंदी काही केल्या निघत नाहीत. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

मला हे कसं कळलं तेही सांगतो. महिनाअखेर मी कागदी हजेरीपत्रकांवरून प्रत्येकाचे तास मोजायचो, आकडा वहीत उतरवायचो आणि कागद रद्दीत टाकायचो. फार नीटनेटकं वाटायचं. काही वर्षांनी एका स्वयंसेविकेने अनुभवपत्र मागितलं: कोणत्या काळात कोणतं काम केलं, एवढंच. माझ्याकडे तिचे एकूण तास होते. काम कोणतं, ते नव्हतं. त्यातून त्याच नावाची दुसरी एक जण मधली दोन वर्षं यायची आणि मी दोघींचे तास एकाच नावापुढे मिळवून ठेवले होते. शेवटी 'साधारण' या शब्दाने सुरू होणारं पत्र दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि माझे आभार मानले. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून नावावर विसंबू नकोस. प्रत्येकाला एक क्रमांक दे आणि तो कधी बदलू नकोस, कुणी सोडून गेलं तरी दुसऱ्याला देऊ नकोस. नावं बदलतात, फोन बदलतात. तुला तीन तक्ते पुरतील. पहिला माणसांचा: क्रमांक, नाव, संपर्क, कधीपासून, कधीपर्यंत. दुसरा सत्रांचा: क्रमांक, तारीख, काम, हजेरी कुणी घेतली. तिसरा हजेरीचा: माणसाचा क्रमांक, सत्राचा क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. या तिसऱ्यात नाव लिहायचंच नाही. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली माहिती तक्त्यांत मांडायची आणि तक्ते मूल्यांनी जोडायचे, असं सुचवलं. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: एक गोष्ट एकाच जागी लिहिलेली असली की दुरुस्तीही एकाच जागी होते. तुझ्या फाइलमध्ये एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी बसलाय, मी मोजलंय.

सत्रांचा तक्ता वेगळा कशाला, असं तू विचारशीलच. कारण 'कुणी आलं नाही' आणि 'त्या दिवशी हजेरी घ्यायचीच राहिली' या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात. रिकाम्या चौकटीने मला जितकं फसवलं तितकं कुठल्या माणसाने फसवलं नसेल. सत्राची ओळ आहे, हजेरी घेणाऱ्याचं नाव आहे आणि खाली एकही माणूस नाही, तर खरंच कुणी आलं नाही. हजेरी घेणाऱ्याचाच रकाना रिकामा असेल तर आपल्याला माहीत नाही, आणि 'माहीत नाही' म्हणायला लाजायचं नाही. 'ग' लिहायचा तो ज्याने येतो म्हणून सांगितलं होतं त्याच्यापुरता. त्यासाठी हवा तर चौथा तक्ता कर.

वेळेबरोबर तारीखही ठेव, आल्याची आणि गेल्याची दोन्ही. रात्री दहाला आलेला माणूस दोनला गेला आणि आमच्या हिशेबात त्याचे उणे वीस तास लागले. समितीत यावर बराच वेळ हशा झाला, मी सोडून. तारीख लिहिताना वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०३-०५. आयएसओ ८६०१ या मानकातली हीच पद्धत, आणि अशा तारखा नुसत्या मजकुरासारख्या लावल्या तरी क्रमाने लागतात.

आता साधन. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस घे. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर लागत नाही, पैसे पडत नाहीत. चाळीस माणसं वर्षातून शंभर सत्रांना आली तर चार हजार ओळी होतील, त्याला त्या जाणवणारही नाहीत. एक माणूस एका सत्रात दोनदा नोंदला जाऊ नये हा नियम तक्त्यालाच घाल, म्हणजे कुणी थकून पुन्हा तेच भरलं तर तो नाकारेल. आणि एक खाचखळगा: नसलेल्या माणसाचा क्रमांक हजेरीत जाऊ नये यासाठीची फॉरेन कीची तपासणी त्यात आपणहून चालू नसते. दर वेळी डेटाबेसशी जोडणी करताना ती चालू करावी लागते. यात माझा एक महिना गेला.

स्प्रेडशीट वाईट नाही. पण ती गप्प बसून नुकसान करते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांच्या नोंदी अहवालातून गळल्या, कारण जुन्या एक्सेल प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. तुझा पसारा तेवढा नाही, मान्य. पण तुझीही एक ओळ गळली तर तुला कोण सांगणार आहे? डेटाबेस निदान भांडतो तरी.

भांडणावरून आठवलं. एका वर्षी अहवालासाठी एका सहकाऱ्याने तासांची अंदाजे गोळाबेरीज मागितली. मी ठाम नाही म्हणालो. अहवालातला तो रकाना कोरा गेला आणि तो माणूस पुढे आमच्याकडे आला नाही. एका आकड्यापायी मी चांगला माणूस घालवला, असं अजून बोललं जातं. बोलोत. अंदाजाचा आकडा एकदा छापला की पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा असावाच लागतो, मग नोंदी कोण बघतो? मी आजही नाहीच म्हणेन. मात्र एक गोष्ट त्याला कधी सांगितली नाही, तुला सांगतो: खरा आकडा काढता येत नव्हता, कारण कागद मीच फेकले होते. मी चिडलो होतो तो त्याच्यावर नव्हे. आवाज चढवायला नको होता.

संपर्काची माहिती लागेल तेवढीच ठेव, आणि फाइल कुणाकुणाला उघडता येते ते बघ. दर आठवड्याला काम बंद करून एक प्रत दुसरीकडे काढ. यावर जास्त लिहीत नाही, तुला कळतं.

जुनी फाइल आहे तशी बाजूला ठेव, रंगांसकट. तिच्यातल्या ओळी नव्या तक्त्यांत आणताना घाई करू नकोस. प्रश्नचिन्हाच्या चौकटीतल्या माणसाला फोन करून विचार, त्यालाही आठवत नसेल तर ती ओळ भरूच नकोस. समितीला सांग, आकडा महिन्याभराने मिळेल. कुरकुर होईल.

मला तोवर तीन तक्ते आणि गेल्या महिन्यातल्या वीस खऱ्या ओळी पाठव. बेरीज पाठवू नकोस, ती मी इथे काढीन.