प्रवेश विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नवे काम सुरू करताना दडपण येणे स्वाभाविक आहे, पण पहिल्या हंगामात तीनच गोष्टी नीट सांभाळा. कोटे, समांतर आरक्षण, रिक्त जागांचे रूपांतर हे पुढच्या वर्षी शिकता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे कागद वाचणे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमी लेअर हे तीन वेगळे कागद आहेत. नवखा माणूस पहिला पाहून पुढचे दोन गृहीत धरतो. नॉन-क्रिमी लेअरवर सही-शिक्क्याआधी मुदतीची तारीख पाहा. नावही दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः ताडून घ्या. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यांतला फरक पुढे पदवी प्रमाणपत्रापर्यंत पाठलाग करतो.

दुसरी गोष्ट, मूळ कागदपत्रे तपासून लगेच परत करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती अडवून ठेवता येत नाहीत, तरी कपाटात ‘सुरक्षित’ ठेवण्याची जुनी खोड अजून अनेक कार्यालयांत आहे.

तिसरी, खिडकीवर तोंडी आश्वासन कधीच देऊ नका. ‘दुसऱ्या यादीत नक्की लागेल’ एवढे तुम्ही सहज बोलता आणि पालक त्या भरवशावर दुसरीकडचा प्रवेश सोडतात.