स्टार टाकण्याआधी मशिनवर काय आहे ते बघा

साठ कॉम्प्युटरचं ऑफिस, विंडोज डोमेन (सगळी मशिन एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था), क्रोम आणि एज दोन्ही वापरात. अकाउंट्सच्या एका मशिनवर कूपन शोधणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) निघालं, ते दिसेल त्या पानात स्वतःच्या जाहिराती घुसवत होतं, म्हणून साहेबांचं फर्मान आलं की उद्यापासून सगळी एक्स्टेन्शन बंद. तुम्ही टेस्ट मशिनवर ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे बंदीच्या यादीत, स्टार (*, म्हणजे 'सगळीच') टाकला आणि पासवर्ड मॅनेजर तेवढा अलाउलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, घेतला. क्रोममध्ये तो चालतो, एजमध्ये अडतो. का अडतो आणि उद्या हे सगळीकडे लावू का, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर बहुतेक आयडीत आहे. प्रत्येक एक्स्टेन्शनला ३२ अक्षरांचा आयडी असतो आणि पॉलिसीला, म्हणजे आयटीने मशिनवर लावलेल्या नियमाला, फक्त तो कळतो, नाव नाही. एकच पासवर्ड मॅनेजर क्रोमच्या वेब स्टोअरमध्ये एका आयडीने असतो आणि एजच्या ॲड-ऑन स्टोअरमध्ये दुसऱ्या. तुमच्या लोकांनी एजमध्ये तो एजच्याच स्टोअरमधून घेतला असेल, तर तुम्ही अलाउलिस्टमध्ये लिहिलेला आयडी त्याचा नाहीच. एजचं एक्स्टेन्शनचं पान उघडा, डेव्हलपर मोड चालू करा, तिथे दिसेल तो आयडी उचला. हाताने टाइप करू नका, कॉपीच करा. शिवाय पॉलिसी भरायची एजची टेम्प्लेट्स वेगळी आणि रजिस्ट्रीतली (विंडोज सेटिंग जिथे साठवतं तिथली) जागाही वेगळी. क्रोमसाठी केलेली सेटिंग एजला आपोआप लागत नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर: उद्या लावू नका. स्टार टाकणं चूक आहे असं मी म्हणत नाही. सगळं बंद आणि लागेल ते चालू, हाच पाया बरोबर आहे. पण बंद काय काय होणार हे माहीत नसताना तो टाकला की काय होतं ते मी अनुभवलंय.

एका जुन्या नोकरीत महिन्याच्या १८ तारखेला मी हेच केलं होतं. जीएसटीचं रिटर्न २० ला, त्यामुळे अकाउंट्सवाले आधीच धावपळीत होते. त्यांची दोन एक्स्टेन्शन बंद पडल्याचं त्यांनी तासाभरात ओरडून सांगितलं, मी ती चालू करून दिली. खरा घोटाळा एचआरमध्ये होता आणि तिथून आवाजच आला नाही. तिथल्या ताई गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन वापरून कामगारांसाठी मराठीत नोटिसा टाइप करायच्या. सकाळपासून मराठी उमटेना. त्यांना वाटलं कीबोर्ड बिघडला. आमच्याच हेल्पडेस्कने त्यांना नवा कीबोर्डही देऊन टाकला. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा रिकामं खोकं टेबलावर होतं आणि कँटीनच्या वेळेची नोटीस त्या स्केचपेनने हाताने लिहीत होत्या. ब्लॉकलिस्टमध्ये आलेलं एक्स्टेन्शन मशिनवरून निघून जात नाही, फक्त निष्क्रिय होतं. ताईंनी ते कधी स्वतः बसवलंच नव्हतं, मागच्या कुणीतरी बसवून दिलं होतं. मग ते बंद झालंय हे त्यांना समजणार कसं? तो दिवस माझ्यामुळे वाया गेला, आणि तेव्हापासून यादी हातात असल्याशिवाय मी स्टार टाकत नाही.

यादी करायचे दोन मार्ग आहेत. क्रोम एंटरप्राइझ कोअर, म्हणजे ऑफिसचे सगळे क्रोम एका जागेवरून बघायची गूगलची सेवा, फुकट आहे. त्याचं एनरोलमेंट टोकन (मशिनची नोंदणी करणारा कोड) ग्रुप पॉलिसीतून (डोमेनवरून सगळ्या मशिनना सेटिंग पाठवायच्या विंडोजच्या सोयीतून) सगळ्या मशिनवर पाठवा आणि रिपोर्टिंग चालू करा, की कुठलं एक्स्टेन्शन किती ब्राउझरमध्ये आहे आणि ते काय काय परवानग्या मागतं हे एका तक्त्यात दिसतं. क्लाउड नको असेल तर स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक युजरच्या क्रोम प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन्स नावाचा फोल्डर असतो आणि त्यातल्या प्रत्येक उपफोल्डरचं नाव म्हणजेच आयडी. प्रोफाइल एकाहून जास्त असतात, फक्त डिफॉल्ट बघून थांबू नका. दोन आठवडे नुसतं गोळा करा. महिनाअखेर त्यात आली तर उत्तमच, कारण काही एक्स्टेन्शन महिन्यातून एकदाच उघडली जातात.

ते कूपनवालं तुमच्याकडे कुणी मुद्दाम बसवलं असेलच असं नाही. घरच्या लॅपटॉपवर बसवलेलं एक्स्टेन्शन, तोच वैयक्तिक जीमेल ऑफिसच्या क्रोममध्ये साइन-इन केला की सिंकबरोबर येतं. ज्यांच्या मशिनवर ते सापडलं त्यांना बोल लावण्याआधी हे तपासा. सिंकमधून एक्स्टेन्शन वगळता येतात, साइन-इन कुठल्या डोमेनच्या खात्याने करता येईल यावरही बंधन घालता येतं.

यादी आली की प्रत्येक नावासमोर दोनच गोष्टी लिहा: कशासाठी लागतं आणि कुठली परवानगी मागतं. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' असं जिथे दिसेल तिथे थांबा. ती परवानगी म्हणजे बँकेचं पान, पगाराचं पान, मेल, सगळं. ताईंच्या बाबतीत मी शेवटी ते एक्स्टेन्शन परत दिलंच नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. तो लावून दिला, सोबत अर्धा तास बसलो, काम झालं. वर्डमध्येही तोच चालतो. बऱ्याच एक्स्टेन्शनचं असं असतं, नीट विचारलं की गरज वेगळ्याच वाटेने भागते.

मग पॉलिसी लिहायला घ्या. ब्लॉकलिस्ट आणि अलाउलिस्टवर भागतं, पण माझा सल्ला एक्स्टेन्शन सेटिंग्ज ही एकच पॉलिसी वापरण्याचा. ती जेसनमध्ये (कंस आणि अवतरणचिन्हं वापरून माहिती लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत) लिहावी लागते, जुन्या याद्यांशी मतभेद झाला तर तिचं चालतं, म्हणून दोन्हीकडे एकच आयडी लिहून ठेवू नका. तिच्यात तीन गोष्टी मिळतात ज्या नुसत्या यादीत नाहीत. परवानगीनुसार अडवता येतं. ठरावीक साइटवर कुठल्याही एक्स्टेन्शनला पाऊल टाकू द्यायचं नाही असं सांगता येतं. तुमच्या बँकेचं आणि पगाराच्या पोर्टलचं डोमेन इथे पहिल्या दिवशीच घाला, अलाउलिस्ट पूर्ण व्हायची वाट बघू नका. हे स्टार टाकण्यापेक्षाही आधी करायचं काम आहे, याने कुणाचं काहीच अडत नाही. फक्त पासवर्ड मॅनेजरला त्या साइटवर जावं लागतं, तेव्हा त्याच्यापुरती सूट वेगळी लिहा.

तिसरी गोष्ट म्हणजे संदेश. बंद असलेलं एक्स्टेन्शन कुणी बसवायला गेलं की क्रोम एक निर्जीव वाक्य दाखवतं. त्याला तुमचा मजकूर जोडता येतो, आणि तो मराठीत लिहिता येतो. मी लिहितो: 'हे एक्स्टेन्शन तपासलेलं नाही म्हणून बंद आहे. कामासाठी हवं असल्यास आयटीला २१४ नंबरच्या फोनवर सांगा, एका दिवसात उत्तर मिळेल.' एक दिवस लिहिलं तर एक दिवसातच उत्तर द्या. उत्तर मिळालं नाही की माणूस पेन ड्राइव्हवर दुसरा ब्राउझर आणतो, आणि त्याच्यावर तुमची एकही पॉलिसी लागत नाही.

आता फोर्सलिस्टबद्दल, म्हणजे सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनच्या यादीबद्दल, कारण साहेब पुढे हे विचारणारच: 'चांगली चांगली एक्स्टेन्शन आपणच सगळ्यांच्या मशिनवर का टाकत नाही?' फोर्सलिस्टमधलं एक्स्टेन्शन आपोआप बसतं, युजरला ते काढता येत नाही आणि मागेल ती परवानगी त्याला न विचारता मिळते. पुढच्या अपडेटमध्ये नवी परवानगी मागितली तरीही. एरवी नवी परवानगी मागणारं अपडेट आलं की क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून युजरला विचारतो. फोर्सलिस्टमध्ये तो अडसरच राहत नाही. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या डेटा-सुरक्षेच्याच कंपनीच्या एक्स्टेन्शनचं काय झालं ते आठवा. २४ डिसेंबरला त्यांचा एक कर्मचारी फिशिंग मेलला फसला आणि हल्लेखोरांनी कंपनीच्याच नावाने २४.१०.४ ही विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली. आपल्या घड्याळाने २५ च्या सकाळी सातपासून २६ च्या सकाळी साडेआठच्या आसपासपर्यंत ती चालू होती, आणि त्या वेळात ज्यांचे ब्राउझर उघडे होते त्यांच्याकडे ती अपडेट म्हणून आपोआप पोचत होती. त्या युजरनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. विश्वासू कंपनी होती, सुरक्षेसाठीच बसवलेलं एक्स्टेन्शन होतं. न वापरलेले टॅब थांबवून ठेवणाऱ्या द ग्रेट सस्पेंडर या एक्स्टेन्शनचं वेगळं: २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. म्हणून अलाउलिस्टसुद्धा दर तिमाहीला पुन्हा बघा, आणि फोर्सलिस्टमध्ये एक-दोनच नावं ठेवा. माझ्याकडे सध्या एकच आहे.

जेसनबद्दल एक सांगून ठेवतो, माझी संध्याकाळ यात गेली आहे. रजिस्ट्रीत किंवा ग्रुप पॉलिसीत ते सलग एका ओळीत द्यावं लागतं. वर्डमधून कॉपी केलंत तर सरळ अवतरणचिन्हं वळणदार होऊन येतात आणि पूर्ण पॉलिसी वाया जाते. नोटपॅडमध्येच लिहा. लावल्यावर क्रोमचं पॉलिसी पान उघडून 'पॉलिसी पुन्हा लोड करा' दाबा आणि स्थितीच्या रकान्यात 'ठीक' आहे का बघा, चूक असेल तर तिथेच लिहिलेली असते. एजचं पॉलिसी पान वेगळं, तेही बघा.

साहेबांना सांगा की बँक आणि पगाराची साइट आज संध्याकाळपर्यंत सुरक्षित करतो, ते कूपनवालं एक्स्टेन्शन सेटिंग्जमध्ये 'रिमूव्ह्ड' (काढून टाका) लावून सगळ्या मशिनवरून उद्या सकाळी काढतो, आणि स्टार महिना बदलल्यावर, आयटीच्या पाच मशिनपासून. हे त्यांना पटेल, कारण त्यांना हवं होतं ते कूपनवालं जायला, आणि ते उद्याच जातंय.